वाळ्याचा साबण आणि आमची हरणी

एका साबणावर माणसानं किती बोलावं? पण आमच्या डेअरीच्या पायरीवर बसलं की कोण ना कोण विचारतंच, "आण्णा, तो साबण संपला का?" संपला. संपून लई वर्षं झाली. किस्से मात्र संपत नाहीत. एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो, ऐकणारे हसतात, आणि यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्या साबणापायी माझी म्हैस आटायला आली होती. चहापासून आठवडी बाजारापर्यंत आमचा सगळा गाडा त्या एका म्हशीवर. हसा तुम्ही.

*

गावात मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. आमची वस्ती निरगुडसरच्या अलीकडं. पोरगा संजय भोसरीला कंपनीत. दिवाळीला आला तो पुठ्ठ्याचं एक खोकं घेऊन. आत हिरव्या साबणाच्या बारा वड्या, एकेक वडी अर्ध्या विटेएवढी. वर छापलेलं, वाळा, कापूर आणि आणखी कायकाय.

"आण्णा, जुन्या पद्धतीचा हाय. दाढीला बी हाच, अंगाला बी हाच."

"आन् कपड्याला?"

"कपड्याला नगा वापरू."

का नको ते त्यानं सांगितलं नाही. मी कपड्यालाही वापरला.

आता माझ्या नाकाचं सांगायला पाहिजे. चाळीस वर्षं तपकीर ओढतोय, नाकाला वास म्हणून कळत नाही. दूध करपलं तर धूर दिसल्यावर कळतं. त्या साबणानं दाढी केली तेव्हा मला एवढंच जाणवलं की गाल गार पडले आणि डोळ्यांतून पाणी आलं. म्हटलं, बरा आहे.

मोरीतून बाहेर आलो तर कारभारीण देवघरापुढं उभी.

"अवं, कापूर कुणी पेटवला? म्या तर काडी बी वढली न्हाई."

तिनं देवघर पाहिलं, चूल पाहिली, शिडी लावून माळाही पाहिला. मी कंदील धरून तिच्या मागं. मला वाटलं, खरंच कुठं पेटलं की काय.

*

त्याच आठवड्यात घोडेगावला कचेरीत काम निघालं. मंचरला घोडेगाववरून जाणारी तळेघरची गाडी धरली. गाडीत डोंगरातली माणसं, तांदळाची गोणी, कोंबड्या. मी मधल्या शिटावर. दोन मैल गेलो नाही तर कंडक्टर ओरडला, "अगरबत्तीचं पार्सल कुणाचं हाय? टपावर टाका ते. मागची म्हातारी खोकून खोकून अर्धी झाली."

मग सगळे शोधायला लागले. मीही लागलो. वाकून शिटाखाली पाहिलं, शेजारच्या पावण्याची पिशवी उघडायला लावली, त्याच्याशी भांडलो. "लाज न्हाई वाटत का रं, म्हातारी मरंल ना तिकडं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, नाकाला उपरणं लावलं आणि उठून दुसरीकडं जाऊन बसला. मी म्हटलं, चोर दिसतोय.

*

कचेरीत मी कधी गेलो आणि कुणी बसा म्हणालं, असं झालेलं नाही. त्या दिवशी कारकून मान खाली घालून लिहीत होता. मी टेबलाजवळ गेलो. त्यानं नाक वर केलं, मग डोळे वर केले, मग उभाच राहिला.

"या महाराज. बसा."

मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. बसलो. त्यानं चहा मागवला. माझा कागद स्वतः शोधून आणला, शिक्का मारला आणि मग हळूच आपला हात उघडून माझ्यापुढं धरला.

"महाराज, बदलीचं काय व्हईल?"

हाताला काय बघायचं? मी बघितलं.

"नखं काप," म्हटलं.

तो खाली वाकून पाया पडला. पुढं त्याची बदली झाली म्हणतात. हवी तिथं झाली का नको तिथं, ते कुणी सांगितलं नाही.

*

आमच्या वस्तीवर बबन न्हावी. त्यानं माझी दाढी हुंगली आणि एक वडी मागून नेली. "गिऱ्हाईक खूश व्हईल, आण्णा." त्या दिवशी त्यानं एकाच आळीतल्या चार जणांच्या दाढ्या केल्या. चारही जण शेतावर न जाता सरळ घरी गेले, तिथंच चुकलं.

तासाभरात त्या चौघांच्या चौघी बायका हापशावर जमल्या. "तुमच्या बी अंगाला येतोय?" "येतोय की." "ह्यो साधा वास न्हाई बाई." चौघं मिळून एकाच ठिकाणी जाऊन आले, हे तिथल्या तिथं ठरलं. कुठल्या ठिकाणी, ते कुणी बोललं नाही.

बबन बिचारा मिटवायला धावला. हात जोडून म्हणाला, "वैनी, ऐका, मीच..."

त्यातल्या एकीनं त्याचे जोडलेले हात हुंगले आणि म्हणाली, "हां. म्हंजे ह्योच घिऊन गेला व्हता."

वडी दुपारी माझ्या अंगणात येऊन पडली. फेकली कुणी ते दिसलं नाही.

*

आता म्हशीचं. आमची हरणी. त्या साली तिचं रेडकू पंधराव्या दिवशी मेलं. रेडकू नसलं की म्हैस पान्हा चोरते, दूध वर ओढून धरते. पण हरणीचा माझ्यावर जीव. मी कासेला हात लावला की ती पान्हा सोडायची. दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायची नाही, कारभारणीलाही नाही. वेळेला साडेपाच लिटर.

साबण लावून पहिल्यांदा गोठ्यात गेलो त्या संध्याकाळी तिनं मला हुंगलं आणि भिंतीला जाऊन चिकटली. मी म्हटलं, "हरणे, मी हाय." तिनं बादली लाथाडली. अर्धा लिटर हाती लागलं. दुसऱ्या दिवशी तेवढंच. असंच चाललं तर पंधरा-वीस दिवसांत म्हैस आटते, हे लहान पोरालाही कळतं.

ते अर्धा लिटर घेऊन डेअरीत गेलो. सचिवानं झाकण काढलं आणि परत लावलं.

"आण्णा, ह्यात काय टाकलंय?"

"म्हशीनं टाकलं ते."

"दुधाला वास मारतोय. परत न्या."

पायरीवर तात्या बसलेला. तात्या म्हणजे आमच्या भावकीतला सगळ्यात थोरला. काठी, पांढरं धोतर आणि सगळ्या गावाची चौकशी. आमचं त्याचं कधी पटलं नाही. तो मला म्हणाला, "शिवा, म्हशीला वळख पटना व्हय? आमाला बी पटत न्हाई."

सगळे हसले. मी दूध कुत्र्याला ओतलं. कुत्र्यानं हुंगलं आणि निघून गेलं.

*

घरी कारभारणीचा रोज एकच धोशा. "साबण सोडा."

"न्हाई सोडणार. पोरानं दिलाय."

"म्हस आटंल."

"आटू दे. बारा वर्षं तिचा वास म्या सोसला. तिला माझा चार दिवस सोसंना व्हय?"

"तुमाला वास येतो कुठं? तपकिरीनं नाक मेलंय तुमचं."

तिनं माझी जुनी बंडी काढली, न धुतलेली. ती घालून गोठ्यात गेलो. हरणीनं बंडी हुंगली, पुढं आली, मग माझी मान हुंगली आणि मागं सरली. मग बंडी बघायची, मग मान. तिलाही काही कळेना. दोन माणसं आलीत असं वाटलं असेल.

पण मीही हट्टाला पेटलो. रोज साबण, रोज गोठा. आंबोण पुढं ठेवायचं आणि मुकाट बसायचं. सतरा दिवस. अठराव्या दिवशी सकाळी तिनं माझा गाल चाटला, फुर्र केलं आणि पान्हा सोडला. साडेपाच लिटर. मी बादली घेऊन तात्याच्या दारावरून दोनदा गेलो.

दुधाला आता वास येईना. सचिव म्हणाला, धारा काढायच्या आधी हात राखेनं धुवायला लागलात म्हणून. असेल.

*

आणि मग महिन्याभरात माझा चुलत भाऊ वारला. आम्हाला दहा दिवसांचं सुतक. आमच्याकडं सुतकात दाढी नाही, तेल नाही, साबण नाही. नुसतं पाणी. भावकीत हे तात्या बघतो.

पहिल्या दिवशी नुसत्या पाण्यानं आंघोळ केली आणि गोठ्यात गेलो. हरणीनं मला हुंगलं आणि भिंतीला जाऊन चिकटली.

मी कपाळाला हात लावला. आधी वास होता म्हणून नको, आता वास नाही म्हणून नको. दुसऱ्या दिवशी अर्धा लिटर. तिसऱ्या दिवशी पाव. आता मात्र ती आटणारच.

कारभारीण दारात उभी होती. म्हणाली, "सुतक तुमाला हाय. हरणीला थोडंच हाय?"

"मंग?"

"मंग तिला लावा की साबण."

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी हरणीला अख्खी वडी लावून घासली. शिंगापासून शेपटीपर्यंत हिरवा फेस. म्हैस चमकायला लागली. बादली घेऊन बसणार, तेवढ्यात भावकीतली सात-आठ माणसं भेटायला दारात. पुढं तात्या. उंबऱ्यातच थांबला.

"शिवा. सुतकात साबण लावला?"

"म्या न्हाई लावला."

"मंग कुनाचा वास ह्यो?"

"म्हशीचा."

कुणी हसलं नाही. मला तेव्हा कुणीतरी हसावं असं वाटत होतं. तात्या काठी टेकत गोठ्यात गेला. सगळे मागं. मी म्हटलं, "तात्या, लांबून बघा, ती परक्याला लाथ घालती." त्यानं ऐकलं नाही. हरणीच्या मानेपाशी वाकला आणि हुंगलं. हरणीनं तोंड फिरवून त्याला हुंगलं. पाच दिवसांची दाढी, तेल नाही, साबण नाही, जसा मी तसाच तो.

तिनं पाय फाकवले. कुणी हात लावला नाही आणि आचळातून दूध ठिबकायला लागलं.

तात्या म्हणाला, "बघताय काय? बादली आना."

त्यानं काठी माझ्या हातात दिली, धोतर खोचलं आणि खाली बसला. जन्मात त्याला कुणी धार काढताना पाहिलं नव्हतं. साडेपाच लिटर निघालं.

दहाव्यापर्यंत तात्या दोन्ही वेळेला येत होता. कासेला बसायचा, बादली भरायचा, माझ्याशी एक अक्षर न बोलता जायचा.

अकराव्या दिवशी मी दाढी केली. साबण गालाला लावला, मानेला लावला, हाताला कोपरापर्यंत चोळला. हरणीला पण थोडा लावला. बादली घेऊन खाली बसलो.

तिनं मला हुंगलं. मग मान वळवून दाराकडं बघत उभी राहिली.

कारभारीण बाहेरून म्हणाली, "तात्यांना बलावू का?"