असोल्या नारळाचं वजन

परवा विमानाचं तिकीट काढायला श्रीवर्धनला गेले, आणि सही न करताच खुर्चीवरून उठले...

लेक बंगळूरला असते. तिच्या बाळाचं बारसं आहे, आणि नारळ आपल्या वाडीतलेच हवेत म्हणाली. ह्यांनी लावलेल्या माडाचे. हे जाऊन दोन वर्षं झाली... माड मात्र धरतोच आहे.

तिकीटवाला विलास. मी टेकते न टेकते तोच त्यानं सांगायला सुरुवात केली. तिकिटात पंधरा किलो सामान, त्यावर किलोमागे एवढे, हातातल्या पिशवीला सात किलो. सगळं छापलेला कागद पुढे सरकवला आणि खाली सही मागितली.

मी शाळा फार शिकले नाही, पण वाणसामानाच्या पुडीपासून सगळं वाचत आले. त्यात एक कळलं... वरचा खर्च न विचारता कुणी सांगत नाही. मग हाच का सांगतोय? कागद दोनदा वाचला, उलटून पाहिला. मागे कोरा. संशय आणखीच वाढला.

मी उठले तसा विलास म्हणाला, "वहिनी, हा कागद भाऊंमुळे आहे."

तीन वर्षांपूर्वी हे लेकीकडे गेले, ते तिकीट त्यानंच काढलेलं. सामानाचं तेव्हा काही बोलला नव्हता. ह्यांनी नेले असोले नारळ, वरच्या सोडणासकट, कारण सोललेला टिकत नाही. विमानतळावर जादा पैसे भरावे लागले.

परत आल्यावर हे भांडले नाहीत. रोज सकाळी विलासच्या दुकानात जाऊन बसायचे, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, सामानाचं आधी विचारा हो.

"आधी सांगायचा नियम होताच. पण पाळायला लावला भाऊंनी. पाच दिवस बसले, सहाव्या दिवशी मी कागद छापला."

"मग सही कशाला?"

"नाहीतर उद्या तुम्ही येऊन बसाल."

हसू आलं, सही केली. वाटेत आठवलं... मी तेव्हा ह्यांना विचारलं होतं, सामानाचे पैसे पडले का. हे म्हणाले, छे, फुकट नेलं. कागदावर एवढा संशय घेतला, आणि लपवलं होतं ते ह्यांनी.

काल नारळ सोलून सामानाची मोठी पिशवी भरली. बरोबर पंधरा किलो. मग एक असोला वरून ठेवला. त्याचे जे होतील ते भरेन... आणि लेकीला खरं सांगेन.