पहिला आकडा

आमच्या इमारतीला चार मजले आहेत आणि लिफ्ट नाही. मी सगळ्यात वर राहते. आयुष्यभर नाटकाच्या विंगेत उभं राहून दुसऱ्यांच्या प्रवेशाची वाट पाहिली की कानाला एक शिक्षण मिळतं. जिन्यावर कोण आहे ते मला पावलांवरून कळतं. पण पट्टाताईची पावलं बहिऱ्यालाही ओळखता आली असती. दोन पायऱ्या, विश्रांती. दोन पायऱ्या, विश्रांती. तिसऱ्या मजल्यावर खांद्यावरची पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आणि पाठोपाठ, "या इमारतीचा नकाशा कुणी काढला, त्याला माझ्यासमोर उभा करा!"

दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधणारी ताई, म्हणून पट्टाताई. ती मोठ्या इस्पितळाच्या संशोधन विभागात होती. ना डॉक्टर, ना नर्स. "माझी पायांची नोकरी, मावशी," असं म्हणायची. डोकं डॉक्टरांचं, कागद कचेरीचे आणि घरोघर हिंडून माणसं मोजायची ती हिनं. सव्वीस वर्षं तिच्या पायाला भिंगरी होती, आणि आता त्या भिंगरीचा दांडा झिजला होता.

लोक आयुष्य सालांत सांगतात, ही रोगांत सांगायची. "लग्न झालं जंतांच्या वेळी. थोरली झाली दम्याच्या मध्यात. सासूबाई गेल्या तेव्हा पायाच्या जखमा चालल्या होत्या. माझ्या नव्हे हो, लोकांच्या!" जंतांच्या संशोधनात तिनं शाळाशाळांतून झाकणाच्या डब्या गोळा केल्या. दम्याच्या वेळी माणसांना नळीत फुंकायला लावलं. साखरेच्या आजारानं पाय चिघळलेल्यांच्या जखमेची कड ती दर पंधरवड्याला पारदर्शक कागदावर गिरवून आणायची. जखम भरत आली की कागदावरचा आकार लहान होत जायचा, आणि त्या दिवशी ही घरी जाऊन नवऱ्याला तो कागद दाखवायची. इतक्या रोगांच्या सान्निध्यात राहून एकाचंही औषध द्यायचा अधिकार तिला नव्हता. द्यायची ती नुसती विचारपूस.

शेवटची तीन वर्षं रक्तदाबाची. दोन तऱ्हेच्या गोळ्यांपैकी कोणती जास्त लागू पडते, ते डॉक्टरांना ठरवायचं होतं. तिच्या वाट्याला दोनशे बारा माणसं होती. मी त्यातली एक. नियम सोपा होता. माणसाला पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाय जमिनीला टेकवायचे, मग एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहायचे. आकडा सतत चढा दिसला की इस्पितळातले डॉक्टर गोळी वाढवत.

पट्टाताईनं या नियमात स्वतःची एक पुरवणी घातली होती. पहिला आकडा चढा आला की ती तो लिहायचीच नाही. पट्टा सैल करायची, पाणी प्यायला लावायची, एखादा फाजील विनोद सांगायची, दीर्घ श्वास घ्यायला लावायची आणि पुन्हा मोजायची. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. त्यातले सगळ्यात खालचे दोन कागदावर जायचे. "घाबरलेल्या माणसाचा आकडा हा त्या माणसाचा आकडा नव्हेच," असा तिचा सिद्धांत. त्यामागे तिची आई होती. कधीतरी एका दवाखान्यात कुणीतरी आईचा आकडा भर रांगेत मोठ्यानं वाचला, तर आई आठ दिवस जेवली नव्हती. तेव्हापासून कुणाच्या तोंडावर मोठा आकडा बोलायचं ताईच्या जिवावर यायचं.

तिचा नवरा छापखान्यात होता, मिस्कील माणूस. म्हणायचा, "घरी मी चिडलो तरी ही चारदा विचारते आणि त्यातला सगळ्यात कमी राग धरून चालते."

मला सगळं दिसत होतं. बसल्या जागी प्रेक्षकाला खुलवायचं कसब मी ओळखते, आणि तिच्याकडे ते होतं. माझा एकशे तीसचा आकडा मी शेजारणींना ऐकवायचे. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी टाळ्या मिळायला दुसरं काय उरलंय?

मग एका मंगळवारी दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी मशीनवरच कलंडला. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. कात्रीचा हात गेला. तोही दोनशे बारांपैकीच. इस्पितळात त्याची बायको ताईला भेटली आणि भाबडेपणानं म्हणाली, "ताई, तुम्ही तर दर महिन्याला म्हणायचात छान आहे, छान आहे. मग हे आलं कुठून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई माझ्याकडे आली. पिशवी उघडलीच नाही. घोटे चोळत बसून राहिली.

"एकशे बहात्तर, एकशे अडुसष्ट, एकशे चौऱ्याहत्तर," ती म्हणाली.

"हे काय?"

"त्याचे पहिले आकडे. तीन महिन्यांचे. लिहिले असते तर विसरले असते, मावशी. लिहिले नाहीत म्हणून डोक्यात राहिले. कागदावर दर वेळी एकशे छत्तिसाच्या आसपास. डॉक्टरांना वाटलं, गोळी पुरते आहे."

मी म्हणाले, आणि म्हणाल्याची मला आजही लाज वाटते, "कुणाला कळणार आहे? तुझं ते काट्याचं यंत्र. त्यात काही राहत नाही."

"तेच तर. कुणालाच कळणार नाही." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. सांगितलं तर माझी दोनशे बारा माणसं संशोधनातून जाणार. तीन वर्षांचे जिने फुकट. मलाही घरी बसवतील कदाचित. आमचे हे म्हणतात, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"बरोबरच म्हणतात."

"पण बाकीच्यांचे आकडेही मी असेच आणलेत, मावशी. कुणाची गोळी वाढायला हवी होती, कुणाची नाही, मलाच ठाऊक नाही." घोटे चोळायचं थांबवून ती म्हणाली, "तुमचाही एकशे तीस खरा नाही."

नाटकात अशा जागी आम्ही हातातलं काहीतरी पाडायचो. मी नुसती बसून राहिले. माझ्या हातात काही नव्हतं.

पुढचं तिच्या तोंडून ऐकलेलं. विभागाच्या मोठ्या डॉक्टरबाईंच्या खोलीत तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. तिथे आकड्यांचा हिशेब ठेवणारे एक गृहस्थ होते. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, आम्ही तर गेल्या सभेत तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या! तुमच्या भागातले लोक किती नेमानं गोळ्या घेतात म्हणून!"

"वाजवल्यात," ताई म्हणाली. "मी पेढा खाल्ल्यासारखी हसलेसुद्धा."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सगळ्यांचं असं केलंत?"

"ज्यांचा पहिला चढा आला, त्यांचं."

"असे किती?"

"मोजले नाहीत."

"सगळं मोजलंत, तेवढं सोडून." बाईंनी चष्मा काढून डोळे दाबले. "मला तुमच्यावर ओरडायचंय. पण अंगात जोर नाही. सकाळपासून तिसरी वाईट बातमी ही." मग म्हणाल्या, "दोनशे बाराच्या दोनशे बारा वगळावे लागतील. पुढच्या कुठल्याच संशोधनात तुम्हाला घेता येणार नाही. आणि ही माणसं या महिन्यात नव्यानं मोजायला हवीत, संशोधनासाठी नाही, त्यांच्यासाठी. घरं कुणाला माहीत आहेत?"

घरं एकीलाच माहीत होती. म्हणून तिलाच पाठवलं. हातात नवं यंत्र दिलं, आकडे आपणहून साठवणारं. दर संध्याकाळी ते कचेरीत जमा करायचं. सव्वीस वर्षांनंतर तिच्या शब्दापेक्षा यंत्र खरं ठरलं. याबद्दल ती एका अक्षरानं कुरकुरली नाही.

पहिल्या दिवशी ती शिंप्याकडे गेली. त्याच्या बायकोला, आमच्या शिंपीणवहिनींना, दारातच सगळं सांगितलं. वहिनींनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही आता जा." दार लावलं. आदळलं नाही, नुसतं लावलं. आदळलं असतं तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली.

मग माझा दंड. सवयीनं मी काहीतरी गंमत सांगायला तोंड उघडलं.

"बोलू नका, मावशी."

पाच मिनिटं आम्ही दोघी एकमेकींसमोर मुक्यानं बसलो. एवढं लांब मौन मी रंगमंचावरही कधी पेललं नव्हतं. यंत्र घरघरलं. तिनं आकडा वाचला आणि मोठ्यानं म्हणाली, "एकशे अडुसष्ट." एका मिनिटानं पुन्हा, "एकशे सहासष्ट."

"म्हणजे?"

"म्हणजे जास्त आहे. सोमवारी इस्पितळात यायचं, सांगून ठेवते."

मी चहा टाकते म्हटलं तर नको म्हणाली. अजून सात घरं होती.

महिना संपता संपता दोनशे अकरा झाले. त्यात साठ-पासष्ट माणसांची गोळी वाढली, माझीही. राहिला एक शिंपी. तोवर त्याला घरी आणलं होतं. ताई चार वेळा त्याच्या दारातून परतली. पाचव्यांदा मी कठडा धरत दोन मजले उतरून गेले, तिच्यासाठी चार शब्द बोलावेत म्हणून. वेळच आली नाही. वहिनींनी दार उघडलं, आम्हा दोघींकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या.

शिंपी खाटेवर टेकून बसला होता. वहिनींनी त्याची डावी बाही वर सरकवली. ताईनं पट्टा बांधला. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. यंत्र थांबल्यावर ताईनं आकडा मोठ्यानं वाचला.

वहिनी पुढे झाल्या, पदरानं चष्मा पुसला, वाकून यंत्रावरचा आकडा स्वतः वाचला आणि मग म्हणाल्या, "हं. दुसऱ्यांदा घ्या."