घरीच थांबा म्हणणारा

माझ्या शिलाईच्या दुकानाशेजारी ज्या न्हाव्याचं दुकान, त्याला आम्ही बोलका म्हणायचो. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लागला, की याच्या तोंडाचा पट्टा सुरू.

साथ आली, दुकानं बंद झाली, पण हा गप्प बसेल तर शपथ! रिकाम्या खुर्चीत स्वतःच बसून मोबाइलवर व्हिडिओ करून बोलायला लागला. "केस वाढू द्या, दाढी वाढू द्या, मी नंतर सगळ्यांकडे बघतो. तुम्ही फक्त घरात बसा!" आणि खाली #घरीचथांबा. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. भाजीच्या रांगेत खेटून उभे राहून बघायचे, गाढवं! आरोग्य खात्यानेही त्याचे व्हिडिओ पुढे पाठवले. स्वारी हवेत. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

त्याची धाकटी बहीण मागच्या गल्लीत एकटी राहायची, लॉण्ड्रीत इस्त्री करायची. आईबाप गेल्यावर यानेच तिला वाढवलेलं. दादाचा प्रत्येक व्हिडिओ ती ओळखीपाळखीत पाठवायची.

तिला ताप आला. फोनवर रोज म्हणायची, "बरी आहे रे दादा." एका सकाळी तिने फोन उचललाच नाही. हा धावत गेला, मीही मागोमाग गेलो. दार तोडलं. ती पलंगाशेजारी जमिनीवर पडलेली, अंग गार. तिच्या खिडकीतून दवाखान्याचं फाटक दिसत होतं.

समोरच्या खोलीतली बाई जिन्यात रडत होती. "तिला धाप लागली होती. मी दारातून ओरडले, चल दवाखान्यात. तर म्हणाली, सगळे मला ओळखतात. घरीच थांबा म्हणणाऱ्याचीच बहीण बाहेर दिसली तर दादाची काय अब्रू राहील? तुम्हाला कळवू नको म्हणून शपथ घातली हो मला!"

बोलक्याने पलंगावरची चादर ओढून तिच्या अंगावर घातली. मला मात्र संताप आवरेना. घरात बसा सांगायला सगळे पुढे; बाहेर कधी पडायचं, हे सांगायचं कुणाला सुचलं नाही!

पुढे त्याने आणखी एक व्हिडिओ केला. "दम लागला तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा." एवढंच बोलला आणि रडला. तो कुणी फारसा पाहिला नाही. एकाने खाली लिहिलं, 'जुना हसवणारा टाका ना.'

त्याने ते मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "सोड रे. इतक्या लोकांनी तुला बघितलं."

"बघितलं सगळ्यांनी," तो म्हणाला. "ऐकलं तिने एकटीने."