सुभद्राबाईंचा तांदळाचा हंडा

सुपातले तांदूळ निम्मे निवडून झाले होते, एवढ्यात दारातून हाक आली, “जयवंताची आई, सलाम. चूल पेटली का?”

सुभद्राबाई होत्या. काखेत कापडी पिशवी. काल हीच पिशवी भरून त्या परळला गेल्या होत्या आणि आज ती तशीच भरलेली माझ्या दारात होती.

“घेतले नाहीत तिने,” असं म्हणून त्या उंबऱ्याशीच टेकल्या.

सुभद्राबाईंचे यजमान आमच्या ख्रिस्ती देवळाचे राखणदार होते. घंटा वाजवायचे, बाकं पुसायचे. ते प्रभूकडे गेल्याला नऊ वर्षं झाली. बाई आता देवळामागच्या खोलीत एकट्या राहतात आणि आमच्या भगिनी समाजाचा हंडा सांभाळतात. आमच्या मंडळीत रीतच आहे. रोज भात टाकण्याआधी घरच्या बाईने मूठभर तांदूळ बाजूला काढायचे, दोन शब्द प्रार्थनेचे म्हणायचे आणि रविवारी उपासनेला येताना आठवड्याच्या मुठी हंड्यात ओतायच्या. कोणाचा कोलम, कोणाचा उकडा, कोणाचा जाडा, सगळं एकत्र. पाळकसाहेबांना त्याचं फार कौतुक. म्हणतात, हंड्यात पडल्यावर कोणाची मूठ कुठली ते देवाशिवाय कोणाला कळत नाही.

हंड्यातले तांदूळ ज्या घरी चूल थंड असेल तिथे बाई पोचवतात, मग ते घर कोणत्याही धर्माचं असो. गेल्या वर्षीच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, तेव्हापासून त्यांच्या फेऱ्या परळ-लालबागकडे वाढल्या. पाळकसाहेब म्हणाले होते, “सुभद्राबाई, जरा जपून. दिवस राजकारणाचे आहेत.” त्यावर त्या म्हणाल्या, “साहेब, मी तांदूळ नेते, पत्रकं नाही नेत.” आणि जिना उतरताना माझ्या कानाशी, “मुंबई मात्र आपलीच हं.”

कालचं घर होतं कौसल्याचं. नवरा धोंडू गिरणीत बदलीवर, कोणी गैरहजर असेल तरच काम. गोळी गुडघ्यात बसली, वर्षभर धड काम नाही, आणि आता पुन्हा शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात. कौसल्या बाळंत होऊन बारा दिवस झालेले. शेजारची कांता आपल्या ताटातली भाकर मोडून देते, पण तिच्याही घरी खाणारी सात तोंडं.

“अंगावरचं दूध आटत चाललंय तिचं,” सुभद्राबाई म्हणाल्या. “पोर चोखतं आणि रडतं. आणि ही बाई तांदूळ तळहातावर घेऊन बघते काय, पिशवीचं तोंड बांधून माझ्या हातात देते काय! म्हणाली, हे मागितलेले तांदूळ हायत. आमी डिसेंबरात बुद्धधर्म घेतला तवा हे सोडलं.”

मला काही उलगडलं नाही. मी म्हटलं, “मागितलेले कुठे? आपण प्रेमाने दिलेले.”

“तुला नाही कळायचं. मला कळायला हवं होतं.” त्यांचा आवाज खाली गेला. “माझी आजी नगरकडे गावात दारोदार भाकरी मागायला जायची. तो हक्क होता म्हणे आमचा. घरी येऊन पदर सोडला की ज्वारीची, बाजरीची, शिळी, ताजी, सगळे तुकडे एकात. माझा बाप ते खाऊन वाढला, मग ख्रिस्ती झाला. आणि मी, त्याची लेक, तसलाच मिसळलेला पदर घेऊन त्या पोरीच्या दारात गेले. वर मंडळीत मिरवते, सगळ्या मुठी एक म्हणून.”

मला एकच सुचलं. मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, पिशवी ओतली. “चला, वेगळे करू. निवडून नेले की दुकानातले दिसतील.”

दोघी निवडायला बसलो. उकडा लालसर म्हणून पटकन वेगळा होतो. कोलम बारीक, तो डोळे फोडतो. निवडता निवडता एका बाजूला कणीचा ढीग वाढत गेला. तुटका, पिठूळ दाणा. तो कोणाच्या घरचा ते मला माहीत होतं. आमच्या घरी जेवायला आंबेमोहर शिजतो. हंड्याची मूठ मात्र मी कणीच्या डब्यातून काढते. प्रार्थना चुकवत नाही, एवढंच.

मी मान खाली घालून म्हटलं, “ही कणी...”

“माहीत आहे. हंडा मीच घासते, मीच भरते. पाळकसाहेबांना वाटतं फक्त देवाला कळतं.” सुभद्राबाई हसल्या, रागावल्या नाहीत. मग एकाएकी त्यांनी हात आखडला. “नको ग. असं निवडून नेणं म्हणजे तिला फसवणं. जेवढं झालं तेवढं राहू दे. असंच नेऊ. तू येतेस?”

मी चुलीवर भात-आमटी उरकली, झाकून ठेवली, आणि दुपारी दोघी ट्रामने परळला गेलो.

कौसल्याची खोली तिसऱ्या मजल्यावर. बाळ फडक्यात गुंडाळलेलं, रडण्यालाही जोर नव्हता. कांता दाराशी भांडी घासत होती. आम्हाला बघून म्हणाली, “आल्या बघ तुझ्या तांदूळवाल्या. आज दोन-दोन!”

कौसल्या उठली नाही. “जयभीम, मावशी. मी काल बोलले ना? आनि कांता, तुलाबी सांगून ठेवते, मला बाटवायचं म्हनतील ह्या. दोन महिने झाले धर्म घेऊन, आता लगेच दुसरा नाय घेनार हां!”

“धर्म तुझा तुझ्यापाशी ठेव, पोरी. मी माफी मागायला आले.” आणि सुभद्राबाईंनी आजीच्या पदराची गोष्ट तिला जशीच्या तशी सांगितली. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. कांताचा हात भांड्यावर थांबला.

कौसल्याने पिशवीची गाठ सोडली. मग तिने आत डोकावून पाहिलं. वर निवडलेल्या तांदळाच्या तीन पुरचुंड्या, खाली मिसळलेले.

“अर्ध्यावर का सोडले?”

“तुला फसवायची लाज वाटली म्हणून.”

“कांता, सूप दे गं.”

तिने बाळ सुभद्राबाईंच्या मांडीवर दिलं आणि सूप पुढे ओढलं. कोकणातली मुलगी. तिची बोटं अशी चालली की मी बघतच राहिले. बघता बघता उकडा, कोलम, जाडा वेगळे. कणी तिने तळहातावर घेतली.

“ही कोनाची?”

सुभद्राबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मी म्हटलं, “माझी.”

“पेजेला हीच बरी. बाळंतिनीला पेज लागते.”

ती सहज बोलली. मला मात्र जमीन दुभंगावी असं झालं. तिच्या पेजेचा विचार करून थोडीच दिली होती मी ती कणी.

मग कौसल्याने उकड्याची एक मूठ उचलली आणि कांतापुढे धरली. “खालच्या मजल्यावर कोंडीरामबाबांना देऊन ये. म्हातारा सकाळपासून बिडीवर बसलाय.” आणि सुभद्राबाईंना म्हणाली, “मावशी, आता घेते. पन माझीबी मूठ धरायची. धोंडू कामाला लागला की रोज काढीन, खालच्या-वरच्या घरांसाठी. आनि एक सांगते. मिसळलेलं आनायचं नाय. उकडा तो उकडा, कोलम तो कोलम. दुकानातून येतो तसा.”

“कबूल,” सुभद्राबाई म्हणाल्या. बाळाने त्यांचं बोट धरलं होतं, त्यामुळे त्यांना डोळे पुसता येईनात.

कांताने चूल पेटवली. पेजेला उकळी येईपर्यंत आम्ही बसलो. कौसल्या दोन वाट्या प्यायली, तिसरी कांताने दटावून पाजली. आम्ही निघालो तेव्हा बाळ पदराखाली होतं आणि रडत नव्हतं.

ट्राममध्ये मी म्हटलं, “बाई, वेगवेगळं ठेवायचं तर हंडा नाही चालायचा. आणि मंडळीत कोण काय देतं ते सगळ्यांना दिसेल.”

“दिसू दे,” त्या म्हणाल्या. “तुझ्यापासून सुरुवात.”

आज संध्याकाळी भात टाकताना मूठ आंबेमोहराची काढली. यजमानांनी विचारलं, आज काय विशेष. मी सांगितलं ते सगळं.

उद्या सकाळी सुभद्राबाई भुलेश्वरला हंड्याच्या जागी झाकणाचे चार डबे आणायला जायच्या आहेत.