"कुठं चाललीस?" विचारायचं नाही

ये, अशी जवळ बस. कागदावर का होईना, पण बस. आणि आधी माझा ओरडा खा. नारळी पौर्णिमेला येते म्हणालीस, मग गणपतीत येते म्हणालीस, आणि उगवलीस कुठे, तर व्हॉट्सॲपवर! "मावशी, आमच्याकडे वर्षभर परदेशी विद्यार्थिनी राहणार आहे. तू हे काम केलंयस ना? काय करावं, काय करू नये, त्याची यादी पाठव." यादी मागतेस होय गं, आणि तीही माझ्याकडे?

ऐक तर मग. अंगणवाडीतून निवृत्त झाले आणि घर खायला उठलं. तेव्हा एक संस्था बाहेरच्या देशांतली मुलं इकडच्या घरांत ठेवायची. घरच्यांना त्यांच्या रीती समजावून सांगायला त्यांना माणूस हवं होतं, पगार नाही, फक्त एसटीचं भाडं. मी हात वर केला. शाळा माझी सातवीपर्यंत. इंग्रजी शिकले ते मुलाच्या पुस्तकांतून आणि किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांशी बोलून. पण आईचा पदर न सोडणारी पोरं जन्मभर सांभाळलेली, म्हटलं हे काय कठीण!

पहिलंच घर मिळालं श्रीवर्धनला. सुपारीची वाडी, अंगणात सुपारी वाळत घातलेली, आणि घरधनीण वहिनी अशी बोलकी की रस्त्याने जाणाऱ्या कुत्र्यालाही विचारील, जेवलास का म्हणून. तिच्याकडे जर्मनीची मुलगी येणार होती, सतराएक वर्षांची. मला धास्ती वाटली. ही बाई त्या पोरीला प्रश्नांनी भंडावून सोडणार. म्हणून मी वहीचं पान फाडून ठसठशीत अक्षरात लिहून दिलं: दार वाजवल्याशिवाय खोलीत जायचं नाही. वाढताना आग्रह करायचा नाही. लग्नाचं विचारायचं नाही. आणि कुठं चाललीस, कधी येणार, हे तर मुळीच विचारायचं नाही. वहिनींनी ते पान कपाटाच्या दारावर चिकटवलं. मी अगदी खूश होऊन परतले.

महिना झाला नाही तोच संस्थेतून फोन. मुलीला घर बदलून हवंय. दोन दिवसांत दुसरं घर बघतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली. वाटभर मनात वहिनींनाच बोलत होते, नक्की काहीतरी खोदून खोदून विचारलं असणार.

पोहोचले तर पडवीत बायका सुपारी सोलत बसलेल्या, हसणं-खिदळणं चाललेलं. तेवढ्यात ती मुलगी आतून आली आणि सगळ्या गप्प. वहिनींनी खाली मान घातली. मुलगी चपला घालून माडांकडे गेली. कुणी हूं की चूं केलं नाही.

मी तिच्या मागोमाग गेले. विहिरीच्या कठड्याशी उभी होती. माझं मोडकं इंग्रजी, तिचं मोडकं मराठी. म्हणाली, "बाई, या घरात सगळे सगळ्यांना विचारतात. कुठे चाललास, काय खाल्लंस. दूधवाल्याला पण विचारतात. मला कुणी विचारत नाही. मी यांना आवडत नाही ना?"

मी तशीच पडवीत आले आणि वहिनींना सांगितलं. त्यांचा बांधच फुटला.

"अवो बाई, तुमीच लिवून दिलंत न्हाय का! म्हयना झाला, जीभ चावून बसलेय मी. पोर उन्हात जाते, इचारायचं न्हाय. अर्धी भाकरी खाऊन उठते, बोलायचं न्हाय. ह्यांना म्हटलं, घरात पोर आणलीय का फोटो टांगलाय?"

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला हसू येईना. अगं, आपल्याकडे "कुठं चाललीस" याचं उत्तर कुणाला हवं असतं? "इथंच" म्हटलं की झालं. तू दिसलीस, तू आमची आहेस, एवढंच त्यात असतं. जन्म इथे काढला आणि तेवढंच मी विसरले. उठले, कपाटावरचं पान काढलं आणि घडी घालून पिशवीत टाकलं.

ऊन कलल्यावर मुलगी परत चपला घालायला लागली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आणि मग वहिनींचा महिनाभराचा तुंबलेला आवाज जो निघाला, तो शेजारच्या वाडीत ऐकू गेला असेल.

"कुठं चाललीस गं? डोक्यावर कायतरी घे! आणि लवकर ये, घावने घालतेय!"

मुलगी थबकली. वळून आधी वहिनींकडे, मग माझ्याकडे बघितलं. "इथंच!" म्हणाली, आणि चेहरा असा फुलला तिचा!

घर बदलायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. वर्ष संपल्यावर मी तिला निरोप द्यायला गेले, तर एसटी स्टँडवर एवढ्या गर्दीत मला लांबूनच बघून ओरडली, "बाई, कुठं चाललात?" अख्खा स्टँड वळून बघायला लागला. मी म्हटलं, "तुलाच सोडायला गं, बये." वहिनी तेव्हापासून ज्या डोळे पुसायला लागल्या, त्या गाडी सुटेपर्यंत.

ते पान अजून माझ्या डब्यात आहे. हल्ली आमच्या आळीतही दारं बंद असतात. ओट्यावर बसून विचारावं, तर जाणाऱ्याच्या कानात वायर असते.

म्हणून तुला यादी देणार नाही. तुझी ती विद्यार्थिनी आली की तिलाच घेऊन ये. मांडव्याच्या धक्क्यावर बोटीतून उतरा, रिक्षा करा, आणि आळीच्या तोंडापासून चालत या. मी ओट्यावरून हाक मारून विचारीन, कुठं चाललात गं दोघी? लवकर या, दिवाळीची वाट बघू नका.