लहर नसलेली काच

जगात सपाट म्हणावी अशी वस्तू जवळजवळ नाहीच, हे मला भूमितीच्या कुठल्या पुस्तकाने नव्हे, माझ्या भाऊजींनी शिकवले. थोरल्या बहिणीचे यजमान. लाखनीला हमरस्त्याच्या कडेला त्यांचे दुकान होते. ट्रकच्या सीटा शिवणे, नंबरपाट्या रंगवणे अशी कामे तिथे आधीपासून चालत. पुढे जीप आणि अँबेसिडरवाल्यांना काचांवर काळी फिल्म लावायची हौस आली, तेव्हा नागपूरहून फिल्मचे रोल आणून भाऊजींनी तेही काम धरले आणि त्यांचे आयुष्य बदलले. फिल्म काचेच्या मापाने कापावी लागते आणि कापायला खाली काहीतरी ठेवावे लागते. इतर दुकानदार हाताशी येईल त्यावर कापून मोकळे होत. भाऊजींना ते जमणे शक्यच नव्हते. "मास्तर, ब्लेड तर कोनीबी चालवते," ते मला म्हणत, "पन खाली काय हाय, ते पाहा ना जी."

खाली काय असावे, याचा शोध त्यांनी किती वर्षे केला हे आता सांगता येणार नाही. पहिल्यांदा सागवानी फळी झाली. तिच्या रेषांनी ब्लेडला आपल्या वाटेने ओढून नेले आणि एका कंत्राटदाराच्या जीपची मागची काच नागमोडी काळी झाली. कडा वाकडी आलेली फिल्म भाऊजी गाडीवर राहू देत नसत. ती त्यांनी मालकाच्या देखत ओरबाडून काढली. मालक हात जोडून "राहू द्या जी, दिसत नाई कोनाले" म्हणत होता, आणि भाऊजी म्हणत होते, "मले दिसते." मग पत्रा झाला, त्याने ब्लेडची धार खाल्ली. गणेश मंडळाचा कॅरमबोर्ड त्यांनी एका दुपारपुरता मागून नेला. दुसऱ्या दिवसापासून त्या बोर्डावर सोंगट्या उड्या मारू लागल्या. नागपूरहून काच आणली, ती बसमध्ये फुटली. दुसरी आणली, ती शाबूत पोचली. पण भाऊजींनी तिच्यातून रस्त्यापलीकडची विजेची तार पाहिली आणि ती तार एका जागी किंचित डुलली. "लहर हाय हिच्यात," ते म्हणाले आणि खाली बसले. घरात कोणी दगावल्यासारखे.

एकदा माझ्या शाळेत आले आणि भरल्या वर्गात फळ्याला गाल लावून, एक डोळा मिटून उभे राहिले. "तुमचा फळा पोटात फुगला हाय, मास्तर." त्या दिवसानंतर फळ्यावर लिहिताना मला ते पोट दिसू लागले आणि माझ्या ओळी वर चढू लागल्या. एका ओळखीच्या घरी कोणी वारले म्हणून आम्ही समाचाराला गेलो, तर भाऊजी दारातल्या कडप्प्याच्या ओट्यावर बसून फरशीवरून तळहात फिरवत राहिले, हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. घरच्यांना त्यांच्या दुःखाचे फार वाटले. मला खरे कारण ठाऊक होते, तरी हसू आले नाही. त्या हातात काहीतरी होते. गवंड्याच्या पाणसळीला न सापडणारा उंचवटा त्या तळहाताला सापडे, आणि सापडला की ते डोळे मिटून घेत.

मग भाचीचे लग्न निघाले. स्थळ पवनीचे, हातमागाच्या लुगड्यांचा व्यापार करणारे. मुलगी पाहून झाली होती, आता आम्ही घर पाहायला जायचे होते आणि तिथेच होकार की नकार ते कळणार होते. आधीची दोन स्थळे परत गेली होती. भाची एरवी बोलायची नाही, पण निघताना बापापुढे येऊन उभी राहिली. "बाबा, मले हेच घर पाहिजे." ताईने तर शपथच घातली, "तिथं कायलेबी हात लावू नका! हात मांडीवर ठेवजा."

भाऊजींनी हात मांडीवर ठेवले. चहा घेतला. मग मुलाच्या वडिलांनी पाण्याचा पेला त्यांच्या हाती दिला आणि चहाचा ट्रे उचलला. ट्रेखाली टीपॉय होता आणि त्यावर बोटभर जाड काच. भाऊजी पेल्यासकट गुडघ्यांवर उतरले. गाल काचेला, एक डोळा बंद.

बैठकीत कोणी हलेना. मी मनातल्या मनात क्षमायाचनेची वाक्ये जुळवू लागलो.

"काय पाहून राहिले जी?" मुलाच्या वडिलांनी विचारले. "तडकली का काय?"

"नाई जी," भाऊजी देवळात बोलावे तसे बोलले. "हिच्यात लहर नाई."

मुलाचे वडील टीपॉयच्या दुसऱ्या बाजूला गुडघ्यांवर बसले आणि त्यांनीही काचेला गाल लावला. "माह्या बापानं आनली होती, एका जुन्या दुकानाच्या काउंटरची. लुगड्याचा काठ सरळ हाय का, मी हिच्यावरच पाहतो. आजवर कोनालेच समजली नाई बापा!" दोन प्रौढ गृहस्थ नाकाला नाक लावून एका काचेवर डोके टेकवून होते. माझी क्षमायाचना तशीच राहिली.

"घेऊन जा," ते उठत म्हणाले. "तुमच्या कामाची हाय."

भाऊजींचा चेहरा उजळला आणि तसाच थांबला. आमच्याकडे लेक दिली की बाप त्या घरचे काही घेत नाही, नातवंड होईपर्यंत पाणीसुद्धा नाही. त्यांनी काचेकडे पाहिले. खूप वेळ पाहिले.

"आधी सांगा जी, पोरगी पसंत हाय?"

"पसंत हाय, म्हनून तं देऊन राहिलो!"

"मंग काच राहू द्या, ईवाई," भाऊजी म्हणाले आणि हातातला पेला न पिता खाली ठेवला. मुलाच्या वडिलांना व्याही म्हणून पहिली हाक भाऊजींनीच मारली.

पुढे नातू झाला. व्याह्यांनी जेवायला वाढले आणि काच गोधडीत गुंडाळून दाराशी ठेवली. भाऊजी पोटभर जेवले. निघताना म्हणाले, "जेवाची सूट भेटली, ईवाई. काच नेयाची नाई." शेवटपर्यंत ते त्या नागपूरच्या काचेवरच कापत राहिले, लहर असलेला कोपरा तेवढा चुकवून.

मागच्या माघात भाऊजी गेले. तेरवी आटोपल्यावर भाची माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा येत तं निंगताना टीपॉयवर हात ठेवत, मामा. मले वाटे, काच पाहून राहिले. यंदाच्या दिवाळीत मी हळूच पाह्यलं, तं डोळे मिटलेले. ओठ हालत होते. माहंच, लेकीचं नाव घेऊन राहिले होते." तिने आपला पंजा सतरंजीवर टेकवला. "हात उचलला का घामाचा पंजा उमटे काचेवर. मी पुसत नव्हती. कडेकडेनं उडून जाये तो. मधला तळहात सगळ्यात शेवटी जाये."