शर्यत कुसुमआत्याने जिंकली होती

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलांपाशीही नाही. घराची अब्रू वगैरे राखत होतो असं समजू नका — भित्रेपणा होता, दुसरं काही नाही.

अकोटला आमच्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात वडिलांची लाल रेसिंग कार उभी असायची. दोन सीटची, बिनटपाची. वडिलांनी तरुणपणी हौसेने मुंबईहून आणलेली. अकोल्याच्या विमानपट्टीवर शर्यत झाली, या गाडीने कप जिंकला — गावाला एवढंच ठाऊक. खरं काय ते वडिलांनी जाण्याआधी मला सांगितलं. शर्यतीच्या सकाळी ते तापाने फणफणले होते. त्यांचं हेल्मेट, त्यांचा गॉगल चढवून गाडी पळवली ती त्यांच्या धाकट्या बहिणीने, कुसुमआत्याने. कप वडिलांच्या नावावर लागला आणि घरच्यांनी तिला गप्प बसवलं. तिचं लग्न जमायचं होतं ना!

पुढे कापसाने सगळ्यांनाच बुडवलं. जिनिंग बंद पडलं. आजूबाजूची शेतं विकली जात होती आणि मी गाडीची चाकं चकाकवत होतो — हो, तेच करत होतो. मग अमरावतीला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. आत्यालाही नेलं. ती विधवा, चांदूर बाजारजवळ स्वतःच्या शेतात राहायची. गाडीभोवती गर्दी जमली. एका पत्रकाराने विचारलं, शर्यतीत चालवली कोणी?

मी म्हणालो, वडिलांनी.

"काहून खोटं बोलून राहिला रे बाबू?" आत्या सगळ्यांसमोर म्हणाली. "गाडी त मी चालवली होती. ब्रेक दाबला का डावीकडे ओढे ते."

ओढायचीच! तो ब्रेक मीच दुरुस्त करून घेतला होता. "हो" म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण लोक हसायला लागले — बाई, आणि रेस? — आणि मीही हसलो. म्हणालो, आत्याचं वय झालंय, डोक्यात गोंधळ होतो तिच्या.

टाळ्या पडल्या. कशाच्या हो टाळ्या? तिला पुढे एक शब्द विचारावा, असं एकालाही वाटू नये? पण त्यांच्यावर कशाला चिडू — त्यांना माहीत नव्हतं. मला होतं!

एवढ्यावर थांबलं असतं, तर... नाही. तरीही माफी नव्हतीच.

त्याच उन्हाळ्यात तिच्या मुलाने शेत विकायला काढलं. ती सही करेना. नातलग बसले. तिचा मुलगा म्हणाला, "मायचं डोकं ठिकाणावर नाही. अमरावतीले दादाच बोलला ना सगळ्यांसमोर?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्यानेही पाहिलं — आता तरी हा बोलेल म्हणून.

मी मान हलवली. होकाराची.

तिने पुढे वाद घातला नाही. सही केली, आणि पातूरला मुलीकडे राहायला गेली. मी जायचो तेव्हा जेवल्याशिवाय सोडायची नाही. का? एकदा तरी हाकलायचं होतंस गं मला! शिव्या घालायच्या होत्यास! दोन वर्षांत ती गेली.

गाडी आता मुंबईच्या एका शौकिनाकडे आहे, नीट जपलेली. शेजारी पितळी पाटी आहे, तिच्यावर शर्यतीची हकीकत. मजकूर मी दिलेला. तो मी आत्या गेल्यानंतर दिला. त्यात तिचं नाव नाही.